रांग कोणती, त्याआधी पोच कोण देणार?

नमस्कार ताई,

आमची कंपनी ऑनलाइन ऑर्डर घेते. दिवसाला साधारण ४०,००० ऑर्डर येतात, सवलतीच्या दिवसांत एका तासात ६,००० पर्यंत जातात. ऑर्डर नोंदली की त्याच रिक्वेस्टमध्ये साठा कमी होतो, बिलाची पीडीएफ बनते, ईमेल जातो, एसएमएस जातो आणि कुरिअर कंपनीच्या सिस्टिमला कळवलं जातं. गेल्या महिन्यात ईमेलची सेवा संथ झाली आणि तिच्यापायी अख्खी साइट अडकली. ग्राहकांचे पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र दिसेना. आता मेसेज क्यू, म्हणजे कामं मागे रांगेत लावून ठेवणारी व्यवस्था, आणायची असं ठरलंय. पण कोणती? आम्ही पाच जण आहोत. एकाला काफ्काच हवंय, दुसरी रॅबिटएमक्यूवर ठाम आहे, तिसरा म्हणतो आपण क्लाउडवर आहोतच, तिथलीच सेवा घेऊ. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. सगळ्यात चांगली कोणती, हे मालकांना एका पानावर हवंय. निर्णय माझ्या नावावर जाणार आणि त्या विचाराने मला झोप लागत नाही.

– पाच जणांच्या टीमची प्रमुख

नमस्कार,

तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. माझं उत्तर असं: या तिघांपैकी आत्ता कुणाचंच ऐकू नका. तुमच्या पोस्टग्रेसमध्येच कामांचं एक टेबल करा आणि वर्करनी, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रामांनी, तिथून कामं उचलावीत. ते अपुरं पडायला लागलं की क्लाउडवरच्या सेवेकडे जा. रॅबिटएमक्यू कधी घ्यायचं आणि काफ्का कधी, तेही सांगते. पण त्याआधी एक प्रश्न आहे, जो तुमच्या पत्रात नाही आणि ज्यावर माझ्या मते हा सगळा निर्णय उभा आहे: एखादा मेसेज हरवला तर काय होईल, आणि तोच मेसेज दोनदा आला तर काय होईल?

आधी तुमचे आकडे बघू. पाच कामांपैकी साठा कमी करणं क्यूत टाकूच नका. ते ऑर्डर नोंदवतानाच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल किंवा काहीच होणार नाही अशा एका गठ्ठ्यात, व्हायला हवं. साठ्याचं काम रांगेत उभं राहिलं की शेवटची एक वस्तू तीन जणांना विकली जाते, आणि मग माफीचे ईमेल पाठवायला आणखी एक क्यू लागते. उरली चार कामं: बिल, ईमेल, एसएमएस, कुरिअर. ४०,००० ऑर्डरची चार-चार कामं म्हणजे दिवसाला १,६०,००० मेसेज. दिवसाचे सेकंद ८६,४००. सरासरी सेकंदाला दोन मेसेजसुद्धा भरत नाहीत. सवलतीच्या तासात २४,००० मेसेज, म्हणजे सेकंदाला सात. त्या तासातही गर्दी सारखी नसते, पहिल्या काही मिनिटांतच उसळी येते, म्हणून पाचपट धरू: पस्तीस.

सेकंदाला पस्तीस मेसेज तुमच्या टीममध्ये नाव निघालेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला जड नाहीत. पोस्टग्रेसच्या साध्या टेबललाही नाहीत. तेव्हा सेकंदाला लाखो मेसेज दाखवणारे तुलनेचे आलेख तुमच्याकडे फिरत असतील तर ते बाजूला ठेवा. ते खोटे नसतात, पण त्यांतला प्रश्न तुमचा नाही.

तुमचा प्रश्न गेल्या महिन्यात समोर आला. ईमेलची सेवा संथ होती आणि तुमचा ग्राहक तिची वाट बघत उभा होता. क्यू इथे एवढंच करते, की ग्राहकाला 'ऑर्डर नोंदली' म्हणून मोकळं करते आणि बाकीची कामं मागे ठेवून घेते. काम कमी होत नाही, फक्त त्याची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. आणि जबाबदारी हातातून हातात जाते तिथे पोच लागते. मेसेज मिळाला, काम झालं, आता तो रांगेतून काढला तरी चालेल, असं वर्करने ब्रोकरला, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळवणं म्हणजे पोच. सगळे 'अ‍ॅक' म्हणतात, पण आपला शब्द जास्त नेमका आहे. ही पोच कोणत्या क्षणी द्यायची, यावरच हरवणं आणि दुबार होणं ठरतं.

मेसेज हातात येताच पोच दिली आणि काम अर्धवट असताना वर्कर बंद पडला, तर ते काम गेलं. ब्रोकरने ते पुसून टाकलेलं असतं आणि कुठेही एरर दिसत नाही. एवढंच दिसतं, की एका ग्राहकाला बिल मिळालं नाही. काम पूर्ण झाल्यावर पोच द्यायची ठरवली आणि काम झालं, पण पोच पोहोचण्याआधी वर्कर बंद पडला, तर ब्रोकर तोच मेसेज दुसऱ्या वर्करला देतो आणि काम दोनदा होतं. पहिल्या पद्धतीत काम जास्तीत जास्त एकदा होतं, दुसरीत किमान एकदा. 'नेमकं एकदाच' असा तिसरा पर्याय सगळ्यांना हवा असतो. पण तुमचा वर्कर कुरिअर कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो आणि उत्तर येण्याआधी नेटवर्क तुटतं, तेव्हा तिकडे नोंद झाली की नाही हे इकडून कळायला मार्गच नसतो. पुन्हा विचारलं तर कदाचित दुबार, न विचारलं तर कदाचित काहीच नाही. ही कुठल्या सॉफ्टवेअरची उणीव नाही, दोन वेगळ्या यंत्रांमध्ये ती असतेच. काफ्कामध्ये २०१७ च्या ०.११ आवृत्तीपासून 'एग्झॅक्टली वन्स' आहे आणि ते खरंही आहे, पण काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिलं तर. वर्करने बाहेर ईमेल धाडला की ती हमी तिथेच संपते.

म्हणून तुम्ही 'किमान एकदा' घ्यायचं आणि प्रत्येक काम दोनदा आलं तरी बिघडणार नाही असं बांधायचं. टीमच्या भाषेत, वर्कर आयडेम्पोटंट हवेत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पूर्वी एका कंपनीत परतावे देण्याचं काम आम्ही क्यूवर टाकलं होतं. मेसेज एका वर्करला दिला की तो एक मिनिट इतरांपासून लपलेला राहील, तेवढ्यात पोच आली नाही तर पुन्हा रांगेत दिसेल, अशी मुदत ठेवली होती. एरवी परतावा चार-पाच सेकंदांत व्हायचा. एके दिवशी पलीकडची पेमेंट सेवा मंदावली आणि एकेका हाकेला सत्तर-ऐंशी सेकंद लागायला लागले. पहिला वर्कर उत्तराची वाट बघत असतानाच मेसेज पुन्हा रांगेत आला, दुसऱ्याने उचलला, त्यानेही हाक मारली. मग तिसऱ्याने. कोड चुकला नव्हता, क्यूने कबूल केलं होतं तेच केलं होतं. मुदत आम्ही ठरवली होती आणि दुबार ओळखायची सोय आम्ही केलेली नव्हती. ज्या ग्राहकांना पैसे दोनदा गेले त्यांना फोन करून ते परत मागायचं काम तीन दिवस चाललं. त्यातले काही फोन मी केले. समोरच्या माणसाने ते पैसे खर्च केलेले असायचे आणि त्यात त्याची काहीच चूक नसायची. तेव्हापासून कुणी क्यूची निवड विचारली की मी आधी दुबाराचं विचारते.

उपाय अवघड नाही, फक्त तो पहिल्या दिवसापासून हवा. प्रत्येक कामाला एक ओळख द्या: ऑर्डर क्रमांक आणि कामाचं नाव, उदाहरणार्थ 'ऑर्डर १२३४५, कुरिअर'. ही जोडी टेबलमध्ये युनिक ठेवा. वर्करने कामाला हात घालण्याआधी बघायचं, हे झालेलं आहे का? झालं असेल तर नुसती पोच देऊन पुढे जायचं. कुरिअर किंवा पेमेंटची सेवा आयडेम्पोटन्सी की (दुबार हाक ओळखायची खूण) घेत असेल, तर हीच ओळख त्यांना पाठवा, म्हणजे दुसरी हाक तिकडेच ओळखली जाईल. ती सोय नसेल तर पुन्हा पाठवण्याआधी 'या क्रमांकाची नोंद आहे का' असं त्यांना विचारणारी हाक आहे का ते शोधा. चारही कामांना सारखी काळजी लागत नाही. एसएमएस दोनदा गेला तर ग्राहक दुर्लक्ष करतो. कुरिअरची गाडी दोनदा आली तर माणूस आणि पेट्रोल वाया जातं. एकाच ऑर्डरची वेगवेगळ्या क्रमांकांची दोन बिलं निघाली तर तुमचा हिशेब विभाग तुमच्या टेबलाशी येतो. कोणतं काम दोनदा झालं तर काय होईल, हे चार ओळींत लिहून टीमसमोर ठेवा. काफ्का की रॅबिट या वादापेक्षा त्या चार ओळींवर तासभर चर्चा झाली तर मला आनंद होईल.

आता मी टेबल का म्हणते ते सांगते. ऑर्डर पोस्टग्रेसमध्ये नोंदली जाते आणि मेसेज ब्रोकरकडे जातो, अशी दोन यंत्रं असली की त्यांच्यामध्ये एक फट राहते. ऑर्डर कमिट झाली, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्की झाली, आणि मेसेज पाठवण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर बिल कधीच निघणार नाही. उलट क्रम लावला तर मेसेज गेला आणि ऑर्डर रोलबॅक झाली (मागे घेतली गेली), म्हणजे नसलेल्या ऑर्डरचं बिल. पैसे कापले आणि ऑर्डर दिसली नाही, हा तुमचा गेल्या महिन्यातला त्रास याच जातीचा आहे. पेमेंट एका यंत्रात झालं, ऑर्डर दुसऱ्यात, आणि मध्येच सगळं अडकलं. क्यू आणल्याने ही फट बुजत नाही. उलट आणखी एक तयार होते.

कामांचं टेबल त्याच डेटाबेसमध्ये असेल तर ऑर्डरची ओळ आणि कामांच्या ओळी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये कमिट होतात. दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. पुढे ब्रोकर आणला तरी हे टेबल राहतं. तेव्हा त्याला आउटबॉक्स म्हणतात आणि एक छोटा प्रोग्राम त्यातल्या ओळी उचलून ब्रोकरकडे पोहोचवतो. म्हणजे आत्ता केलेलं काम वाया जात नाही.

टेबलला क्यू म्हणून वापरू नये, असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल. ते एके काळी बरोबर होतं, कारण दोन वर्कर एकाच ओळीवर अडकून बसायचे. २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या पोस्टग्रेस ९.५ मध्ये 'स्किप लॉक्ड' आलं आणि ती अडचण गेली. एका वर्करने धरलेली ओळ दुसरा सरळ ओलांडून पुढची घेतो. मायएसक्यूएलमध्येही ८.० पासून ही सोय आहे. हे हाताने लिहू नका. रेल्समध्ये सॉलिड क्यू, नोडमध्ये पीजी-बॉस, एलिक्सरमध्ये ओबान, गोमध्ये रिव्हर अशा लायब्रऱ्या याच पायावर उभ्या आहेत. रिट्राय (फसलेलं काम पुन्हा करून बघणं), वेळापत्रक आणि अडकलेली कामं सोडवणं त्यांनी आधीच सोडवून ठेवलंय.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कुरिअरला हाक मारत असताना डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका. ओळीवर 'मी घेतलंय, अमुक वेळेपर्यंत' असं लिहून कमिट करा, मग बाहेरची हाक मारा, मग 'झालं' लिहा. ट्रान्झॅक्शन लांबत गेली की पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूमला मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत, टेबल फुगतं आणि सगळी कामं मंदावतात. झालेल्या कामांच्या ओळीही ठराविक दिवसांनी काढून टाका.

ही व्यवस्था कधी अपुरी पडेल? सेकंदाला शेकडो कामं सतत यायला लागली आणि त्यांचा भार ऑर्डरच्या मुख्य डेटाबेसला जाणवू लागला तर. किंवा कामं उचलणारी दुसरी टीम आली आणि तिला तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड द्यावा लागत असेल तर. दुसरं कारण बहुतेक वेळा आधी येतं.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या सहकाऱ्याचं ऐका. क्लाउडची क्यू हा पाच जणांच्या टीमसाठी समजूतदार पर्याय आहे, कारण रात्री डिस्क भरली तर ती बघणारे लोक दुसरे असतात. अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस २००६ पासून सर्वांसाठी खुली आहे आणि तिची कामाची पद्धत इतक्या वर्षांत फारशी बदललेली नाही, हा मला तिचा मोठा गुण वाटतो. पण तिची आपोआप मिळणारी सेटिंग्ज डोळे मिटून घेऊ नका. मेसेज लपून राहायची मुदत मुळात ३० सेकंद असते, ती १२ तासांपर्यंत वाढवता येते. न उचललेला मेसेज ४ दिवस टिकतो, जास्तीत जास्त १४ दिवस. म्हणजे लांबलेल्या सुट्टीत वर्कर बंद पडले आणि कुणी बघितलं नाही, तर मेसेज आपोआप पुसले जातील. साध्या प्रकारच्या क्यूत क्रमाची हमी नाही आणि दुबार येऊ शकतो, असं ते स्वतःच सांगतात. क्रम सांभाळणाऱ्या फिफो प्रकारात दुबार ओळखायची खिडकी ५ मिनिटांची आहे. सहाव्या मिनिटाला तोच मेसेज पुन्हा पाठवला तर तो नवा समजला जाईल. युनिक जोडीचं टेबल तिथेही लागतंच.

रॅबिटएमक्यूबद्दल मला मनापासून आदर आहे. ते २००७ मध्ये आलं आणि एरलांग भाषेत लिहिलेलं आहे. एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेल्या या भाषेचं नाव आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाशी जोडलं जातं. त्याने १९०९ मध्ये फोन किती आणि कसे येतात याचं गणित मांडलं आणि रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. ज्या भाषेत रांगेचं सॉफ्टवेअर लिहिलं तिच्याच नावात रांगेचं शास्त्र असावं, हे मला फार आवडतं. रॅबिट ज्या एएमक्यूपी या मेसेज देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलवर उभं राहिलं, त्याची सुरुवात २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेसमधल्या जॉन ओहारा यांनी केली. एका विक्रेत्याच्या बंद व्यवस्थेत अडकावं लागू नये, हा त्यामागचा विचार होता.

तुमची दुसरी सहकारी रॅबिटवर ठाम आहे, तर तिला विचारा: मेसेज वाटून देण्याचे आपले नियम गुंतागुंतीचे आहेत का? एकच मेसेज त्याच्या प्रकारानुसार, प्राधान्यानुसार वेगवेगळ्या रांगांत जायला हवा असेल, तर रॅबिटसारखं सोयीचं दुसरं नाही. तुमची चार ठरलेली कामं आहेत, त्याला एवढं लागत नाही. घेतलंच तर तीन सर्व्हर लागतील, कारण तिथली क्वोरम क्यू, म्हणजे अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणारी रांग, बहुमतावर चालते आणि दोघांत बहुमत होत नाही. इंटरनेटवरच्या जुन्या ट्युटोरियलांपासून जपा. त्यांत शिकवलेल्या मिरर्ड क्यू (प्रती ठेवायची जुनी पद्धत) २०२४ च्या ४.० आवृत्तीत काढून टाकल्या आहेत. पाठवणाऱ्या बाजूला पब्लिशर कन्फर्म चालू ठेवा, तीही पोचच आहे, उलट दिशेची. ती नसेल तर मेसेज ब्रोकरपर्यंत पोहोचला असं तुम्ही फक्त मानून चालता. प्रीफेच, म्हणजे वर्कर एका वेळी किती मेसेज आगाऊ घेतो तो आकडा, लहान ठेवा, नाहीतर एकच वर्कर शेकडो मेसेज बगलेत घेऊन बसतो आणि शेजारचे रिकामे. आणि एका मेसेजला पोच द्यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला तर रॅबिट ते चॅनेल, म्हणजे त्या वर्करची जोडणी, बंद करतं, ही मुदतही लक्षात असू द्या.

काफ्का. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याला गप्प बसवू नका. त्याला कदाचित दोन वर्षांनंतरचं दिसत असेल. काफ्का लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी घडवलं आणि २०११ मध्ये खुलं केलं. तिथला प्रश्न मुळातच वेगळा होता. कोट्यवधी घटनांचा प्रवाह एकदा लिहायचा आणि अनेक यंत्रांनी तो आपापल्या वेगाने वाचायचा. म्हणून काफ्का रांगेपेक्षा रोजनिशीसारखं आहे. वाचलं म्हणून पान फाडलं जात नाही, मुळात सात दिवस ते तिथेच राहतं, आणि प्रत्येक वाचक आपण कुठवर आलो त्याची खूण, म्हणजे ऑफसेट, ठेवतो. ही फार सुंदर कल्पना आहे. 'ऑर्डर आली' ही एकच घटना उद्या विश्लेषणाला, फसवणूक पकडणाऱ्या मॉडेलला आणि शिफारशींना, तिघांना हवी असेल आणि चौथा आल्यावर त्याला मागच्या आठवड्यापासून वाचायचं असेल, तर काफ्काच घ्या.

पण 'हे एक काम कुणीतरी एकाने कर आणि झालं म्हणून सांग' या गरजेला ते अवघडून जातं. क्रम पार्टिशनच्या, म्हणजे त्या रोजनिशीच्या एकेका भागाच्या, आतच राखला जातो आणि वाचकांच्या ग्रुपमधला एकच वाचक एका वेळी एक पार्टिशन वाचतो. पार्टिशन सहा आणि वर्कर दहा असतील तर चार नुसते बसून राहतील. एका ऑर्डरच्या कुरिअरची हाक चार मिनिटं अडकली तर त्या पार्टिशनमधल्या मागच्या सगळ्या ऑर्डर तिच्यामागे थांबतात. प्रत्येक मेसेजची स्वतंत्र पोच, स्वतंत्र रिट्राय, डेड लेटर क्यू (न होणाऱ्या कामांची वेगळी रांग) हे सगळं आजवर आपणच बांधावं लागत आलंय. ही कमी ओळखून २०२५ च्या ४.० आवृत्तीत शेअर ग्रुप नावाने रांगेसारखं वाचन आणायला सुरुवात झाली, तिथे ते प्राथमिक अवस्थेत होतं. त्याच आवृत्तीत झूकीपर हे सोबत चालवावं लागणारं वेगळं सॉफ्टवेअर कायमचं गेलं, त्यामुळे काफ्का चालवणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. तरी पाच जणांपैकी निदान दोघांना ते नीट यायला हवं. एकालाच येत असेल तर तो रजेवर गेला की तुमची झोप पुन्हा जाणार.

इतरांबद्दल थोडक्यात. रेडिस हा मेमरीत चालणारा डेटाबेस कॅश म्हणून असेलच तर त्यावर एसएमएससारखी हलकी कामं चालतील. बिलं नकोत, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये वीज गेली तर शेवटच्या काही मिनिटांचं लिखाण जाऊ शकतं. नॅट्स हा ब्रोकर फार चपळ आहे, पण जेटस्ट्रीम या मेसेज साठवणाऱ्या भागाशिवाय तो 'जास्तीत जास्त एकदा' याच प्रकारात मोडतो. आयबीएमची क्यू १९९३ पासून बँकांत निष्ठेने चाललीय आणि तिची गरज ज्यांना असते त्यांना ती माहीत असते.

आता वर्कर किती, हे गणित कराच. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम एका ओळीचा आहे: येण्याचा वेग गुणिले एकाला लागणारा वेळ, बरोबर एका वेळी चालू असलेली कामं. सवलतीच्या तासात सेकंदाला १.६७ ऑर्डर येतात. समजा एका ईमेलला २ सेकंद लागतात. म्हणजे सरासरी ३.३ वर्कर सतत गुंतलेले. चार ठेवले तर चालेल असं वाटेल, पण ते ८३ टक्के भरलेले असतील, आणि भरलेपण वाढतं तशी रांग सरळ रेषेत वाढत नाही. कामं अवचित येत असतील आणि एकच वर्कर असेल, तर ८० टक्क्यांना सरासरी ४ कामं आत असतात, ९० ला ९ आणि ९५ ला १९. वर्कर अनेक असले तर वळण थोडं सौम्य होतं, पण शेवटी ते तसंच उभं चढतं. म्हणून पाच ठेवा.

आता समजा त्या तासात ईमेलची सेवा तासभर बंद पडली. ६,००० ईमेल साचले. सेवा सुरू झाली. पाच वर्कर सेकंदाला अडीच ईमेल पाठवतात, त्यातले १.६७ नव्याने येणाऱ्यांतच खपतात, उरतात ०.८३. साचलेलं संपायला दोन तास. तासाभराच्या बंदीची किंमत दोन तास, आणि हा आकडा मालकांना आधीच सांगितलेला बरा. अशा वेळी वर्कर दुप्पट करता येतील अशी सोय ठेवा, पण समोरची सेवा तेवढा मारा झेलेल का तेही बघा. चारही कामांच्या रांगा आणि वर्कर वेगळे ठेवा. एकच रांग केलीत तर ईमेल अडकल्यावर कुरिअरही अडकेल, आणि गेल्या महिन्यात झालं तेच पुन्हा होईल, फक्त पडद्यामागे. बिलाची पीडीएफ ईमेलला जोडायची असेल तर बिलाच्या वर्करने काम संपताना ईमेलचं काम टाकावं. दोन्ही एकदम टाकून नशिबावर सोडू नका. मेसेजमध्ये पीडीएफ किंवा ग्राहकाची अख्खी माहिती भरू नका, ऑर्डर क्रमांक पुरे.

रिट्राय करताना मधलं अंतर दर वेळी वाढवत न्या आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घाला, नाहीतर सगळे वर्कर एकाच क्षणी पुन्हा धडकतात आणि नुकती सावरलेली सेवा परत झोपते. काही मेसेज कितीही वेळा केले तरी होणार नसतात, पत्त्याचा पिनकोडच नसतो. पाच-सहा प्रयत्नांनंतर ते डेड लेटर क्यूत जायला हवेत. अलर्ट रांगेच्या लांबीवर लावू नका, सर्वांत जुन्या मेसेजच्या वयावर लावा. ५,००० मेसेज दोन मिनिटांत संपत असतील तर काळजी नाही. एकच मेसेज चाळीस मिनिटं पडून असेल तर काहीतरी मोडलंय.

चालू करण्याआधी तीन गोष्टी मुद्दाम करून बघा. काम अर्धवट असताना वर्कर किल करा आणि ते काम परत उचललं जातंय का पाहा. तोच मेसेज हाताने दोनदा टाका आणि बिल एकच निघतंय का पाहा. ईमेलची सेवा अर्धा तास बंद असल्याचं नाटक करा आणि साइट निर्धास्त ऑर्डर घेतेय का पाहा. तिघांनाही हे करताना बसवा, काफ्कावाल्याला, रॅबिटवालीला आणि क्लाउडवाल्याला. ज्यांनी एकत्र मेसेज हरवताना पाहिलाय त्यांचे वाद पुढे नेमके होतात.

मालकांच्या पानावर 'सगळ्यात चांगली' हा शब्द लिहू नका. लिहा, की आत्ताचा भार सेकंदाला सात मेसेज आहे, उसळीत पस्तीस. त्यासाठी नवं यंत्र न आणता आहे त्या डेटाबेसमध्ये काम सुरू करतोय, आणि ईमेल बंद पडला तरी ऑर्डर थांबणार नाही. कुठल्या दोन गोष्टी घडल्या की क्लाउडच्या क्यूकडे जाऊ आणि कुठली गरज आली की काफ्काकडे, तेही लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी निर्णय बदलला तर ती चूक ठरणार नाही. आणि खाली एक तक्ता द्या: डेड लेटर क्यू रोज किती वाजता उघडायची आणि त्या आठवड्यात ती कोण उघडणार. त्यात पाचही नावं आळीपाळीने येऊ द्या, फक्त तुमचं एकटीचं नको.